हातगुण न मानणारी डॉक्टर

नंदा,

तू गेलीस आणि तुझ्या निम्म्या पेशंटांनी गोळ्या बंद केल्या. हे ऐकून तू आधी चिडली असतीस आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली असतीस, बघ, मी काय सांगत होते. म्हणून ही बातमी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुझा राग कायम नाकावर. तो एकदा येऊन गेला की आपल्याला नीट बोलता येतं.

तुझ्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी ताडकळसला एकटी गेले. पूर्णेहून नेहमीची एसटी, नेहमीची सीट. खिडकीची जागा तुझी होती, आणि ती तू मला एवढ्या वर्षांत एकदाही दिली नाहीस. त्या दिवशी ती रिकामी होती तरी मी आपली कडेलाच बसले. पुढच्या थांब्यावर एक बाई चढली आणि म्हणाली, ‘सरका की आत.’ मी सरकले. खिडकीतून काही विशेष दिसत नाही गं. कशाला भांडत होतो आपण एवढं?

दवाखान्यात परभणीहून आलेला नवा डॉक्टर बसला होता. मुलगा चांगला आहे, तुझ्यासारखा खेकसत नाही. पण बाहेरच्या बाकावर चारच माणसं. दुपारी सुनीताची सासू आली, तीही एकटीच. (सुनीता हे तिचं खरं नाव नाही, ते तुला ठाऊक आहे. तिला विचारूनच मी हे लिहितेय.) सासू दाराशीच उभी राहून म्हणाली, ‘ताई, सुनीतानं गोळ्या सोडल्यात. म्हनती, गोळी तीच हाय, पन हात तो न्हाई. मॅडमच्या हाताला गुन व्हता, तो मॅडमसंगं गेला.’

सुनीताचं बाळंतपणानंतरचं आजारपण आपण दोघींनी पाहिलंय. तान्ह्या लेकराला ओट्यावर ठेवून ती निघून गेली होती आणि सेलूच्या स्टेशनावर सापडली होती. तिथून तिला परत उभं करायला किती काळ लागला! आता बाजारात हळद-मिरचीचं दुकान लावते, सासूला दरडावते, लेकीला शाळेत सोडते. हे सगळं एका शब्दावर येऊन अडकलं होतं, आणि तो शब्द तुझा सगळ्यात नावडता.

हातगुण. हा शब्द कुणी काढला की तू हात पाठीमागे घ्यायचीस. सासूनं पहिल्यांदा काढला तेव्हा तू गोळ्यांची पाकिटं स्वतः देणंच बंद केलंस. ‘लता ताईंकडून घ्या,’ म्हणालीस. ती माझ्याकडून पाकीट घेऊन परत तुझ्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, ‘ताईंनी दिली ते ठीक हाय, तुमी निस्तं एकदा शिवून द्या.’ तू नाही म्हणालीस. ती उठेना. बाहेर रांग वाढत होती, आत तुम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलेल्या. शेवटी तू एका बोटानं, निखाऱ्याला हात लावावा तसा, त्या पाकिटाला हात लावलास. मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जाऊन पदर तोंडात घातला. संध्याकाळी एसटीत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. पार पूर्णा येईपर्यंत.

खरं तर भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते मिटलं नाही. माझं म्हणणं होतं की माणसाचा विश्वास हा निम्मा उपचार आहे. पेशंटचं आणि उपचार करणाऱ्याचं जमलं तर गुण लवकर येतो, हे तुमच्या अभ्यासातही आहे, आणि ते मला तूच शिकवलंस. लोक त्यालाच हातगुण म्हणतात, तर म्हणू दे की. तू म्हणायचीस, विश्वास उपचारावर पाहिजे. ‘माझ्यावर बसला, आणि उद्या मी गेले, तर काय करशील तू?’ तेव्हा गेले म्हणजे निवृत्त झाले, असा आपल्या दोघींचाही समज होता. मी म्हणायचे, तू कुठे जातेस, तुला दुसरीकडे ठेवून कोण घेणार?

गरज सरो नि वैद्य मरो, असं म्हणतात. इथे वैद्य गेला आणि गरज तशीच दारात उभी आहे. या भांडणात तू जिंकलीस, हे मला मान्य करावं लागतंय. पण थांब, एवढ्यात हुरळून जाऊ नकोस.

दवाखान्याची जागा तरी तुला कुठे पसंत होती? पिठाच्या गिरणीमागच्या दोन खोल्या मी शोधून काढल्या तेव्हा तू नाक मुरडलंस. टेबलावर पीठ, खुर्चीवर पीठ, दिवसभर शिंका, आणि आवाज तर एवढा की पेशंटशी ओरडून बोलायचं. ‘इथं बाईच्या मनातलं ऐकायचं, का तुझ्या गिरणीचं?’ असं तू मला सगळ्यांदेखत विचारलं होतंस. माझा हिशोब साधा होता. बाजाराच्या दिवशी बाई दळणाचा डबा घेऊन निघाली तर कुणी कुठे चाललीस म्हणून विचारत नाही. डबा रांगेत ठेवायचा, मागच्या दारानं आत यायचं, दळण झालं की डबा उचलून घरी. पाटीवर आपण नुसतं ‘दवाखाना’ लिहिलं. डोक्याचा, मनाचा, कशाचा, काही नाही.

मग एकदा भर दुपारी लाईट गेली. गिरणी थांबली आणि तुझ्यासमोर बसलेली बाई अर्ध्या वाक्यात गप्प झाली. माझ्यासमोरचीही. बाहेर बाकावर सगळं ऐकू जाणार, हे दोघींना एकदमच कळलं असणार. लाईट येईपर्यंत आपण चौघी नुसत्या बसून राहिलो. गिरणी पुन्हा सुरू झाली तशी ती बाई पुढचं वाक्य बोलली. त्या दिवसानंतर तू पिठाबद्दल तक्रार केली नाहीस. चूक झाली असंही म्हणाली नाहीस, ते तुझ्या स्वभावात नव्हतं, पण गिरणीवाल्याला दिवाळीत फराळाचा डबा मात्र तूच पाठवलास.

तुझं आवडतं बोलणं म्हणजे बाजेचं. आजारी माणूस बाजेवर असतो आणि बाजेला पाय चार: औषध, झोप, काम आणि माणसं. एक जरी डुगडुगायला लागला तर माणूस खाली. आल्या पेशंटला तू आधी बाजेचं विचारायचीस आणि मग गोळीचं. कामाला जायलास का, रात्री किती वेळा उठलास, घरात कोण बोलतं, कोण बोलत नाही. एखाद्या बाईनं सांगितलं की जावेशी भांडण झालं, तर तू खूश. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई भांडायला उठली म्हणजे काहीतरी हललं. पण मी जास्त उत्साहानं कधी म्हटलं की हिला आता नुसत्या गप्पांनीच बरं वाटायलंय, तर तू लगेच आडवी यायचीस. ‘तीन पायांची बाज तू तुझ्या घरी वापर.’

माझं मंडळ आठवतं? दळणाला आलेल्या बायका मागच्या पडवीत एकत्र बसून धान्य निवडायच्या आणि बोलायच्या. मी मध्ये बसायचे. बायका हसायला लागल्या, रडायला लागल्या, एकमेकींच्या घरी जायला लागल्या. मला वाटलं, आता आपण जग जिंकलं. तू म्हणालीस, छान वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे, आपण पडताळून पाहू. मग सुगीपासून उन्हाळ्यापर्यंत तू पडवीत बसणाऱ्यांना आणि न बसणाऱ्यांना तेच तेच प्रश्न विचारत राहिलीस. त्यांना कंटाळा आला, मला आला, तुला आला नाही. शेवटी सांगितलंस की पडवीत बसणाऱ्या बायकांच्या खेपा चुकत नाहीत, औषध मध्येच सुटत नाही, झोपही सुधारली. पण ज्यांना कानात आवाज ऐकू येतात त्यांचे आवाज निवडण्यानं कमी झालेले नाहीत. ‘तुझं निम्मं खरं हाय,’ म्हणालीस. तुझ्या तोंडून निम्मं म्हणजे हार-तुरेच. मी घरी जाऊन शिरा केला.

आणि नवरात्राचं प्रकरण. दरवर्षी दसरा झाला की आपल्याकडे गर्दी व्हायची. बरी असलेली माणसं पुन्हा बिघडून यायची. तू आधी हवेला दोष दिलास, मग सुगीच्या कामाला, मग जागरणाला. एकदा नवरात्रात मला चक्कर आली. तू माझं बीपी तपासलंस आणि विचारलंस, गोळी घेतलीस का? मी म्हटलं, नाही, ती जेवणानंतरची आहे आणि माझा उपवास आहे. मला वाटलं, आता खेकसणार. तू म्हणालीस, ‘लते, तू शिकलेली बाई असून असं करतीस, तर त्या काय करत असतील?’

त्या आठवड्यात तू एकेकीला विचारलंस. बायकांनी काहीच लपवलं नाही. मॅडम, तुमीच म्हनलात जेवल्यावर घ्या, जेवन न्हाई तर गोळी कशी घेयाची? नऊ दिवस जेवण नाही म्हणून नऊ दिवस गोळी नाही. एवढं आज्ञाधारक पेशंट मंडळ कुणाला मिळालं असेल! त्यावर तू गोळी जेवणानंतर नाही, झोपताना घ्या असं सांगायला लागलीस, आणि जिला खाऊनच घ्यावी लागते तिला भगरीवर. तरी सुनीताच्या सासूला पटेना. तुला उपवासातलं काय कळतं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. तुझ्या घरी उपवास नाहीत हे गावाला माहीत होतं. तेव्हा तू भांडत बसली नाहीस. देवीच्या देवळातल्या म्हाताऱ्या आराधीणबाईला भेटायला गेलीस, ओट्यावर तिच्याशेजारी बसलीस आणि तिलाच विचारलंस. ती म्हणाली, देवीला आजारी लेक कशाला पाहिजे? मग तेच वाक्य तिनं आरतीनंतर सगळ्या बायकांना सांगितलं. पुढच्या दसऱ्याला गर्दी कमी झाली. मी पेढे आणू म्हटलं. तू म्हणालीस, एका वर्षावरून काही ठरत नसतं, पुढच्या नवरात्रात पुन्हा बघू. पुढचं नवरात्र आता मलाच बघायचंय. तुझी ही सवय माझ्या अंगाला कधी चिकटली, कळलंच नाही.

आता ते दुसरं भांडण. ते आपण कुणासमोर केलं नाही.

तू डॉक्टर होऊन आलीस त्या वर्षी, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, कित्येक महिने तू उठली नाहीस. तुझी आई दारात बसून असायची. मी शिकवत होते ती शाळा सुटली की यायचे, तुझे केस विंचरायचे, तू भिंतीकडे बघत राहायचीस. मला त्या दिवसांची अजून भीती वाटते. नांदेडच्या डॉक्टरांनी तुला गोळी सुरू केली. मग हळूहळू तू उठलीस, अंघोळ केलीस, एक दिवस माझ्यावर ओरडलीस की विंचरताना केस उपटू नको. मी रडले. ती गोळी तू पुढे घेतच राहिलीस. नांदेडचे डॉक्टर वारले, दुसरे आले, ते बदलून गेले, मग तिसरे. मनाचं शास्त्र तू निवडलंस ते त्या क्वार्टरमुळे, आणि मी शाळेची नोकरी सोडून समुपदेशन शिकले तेही त्याच क्वार्टरमुळे.

मी तुला कितीदा म्हटलं, हे एकदा सांग बायकांना. गोळी चालू असलेली बाई डॉक्टर असू शकते, एसटीत खिडकीसाठी भांडू शकते, हे त्यांना दिसू दे. तू नाही म्हणायचीस. ‘मी एकटी. एकटीचं उदाहरण म्हणजे पुरावा न्हवे.’ उद्या सगळ्या म्हणतील, मॅडमची गोळी द्या. जिला वेगळं औषध लागतं तिनं काय करायचं? तुझं म्हणणं खोटं नव्हतं. पण एकदा स्टँडवर गाडीची वाट बघताना, मी न विचारताच तू म्हणालीस, ‘मला लाज वाटते, लते. एवढं सगळ्यांना सांगते आणि माझ्या बारीला लाज वाटते.’ मी तुझी पिशवी माझ्या हातात घेतली, एवढंच. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

तो तूच काढलास, शेवटच्या आठवड्यात. पोटातल्या दुखण्यानं तुझं पार चिपाड झालं होतं, पण जीभ शाबूत. माझ्या चहाला नावं ठेवून झाल्यावर म्हणालीस, मी गेल्यावर सांगायचं तर सांग. मी म्हटलं, अशुभ बोलू नको. तू म्हणालीस, ‘ऐक तर. माझी आरती ओवाळायला सांगू नको. कुणाचं अडलं असंल, तरच सांग.’

काल बाजार होता, नंदा. सुनीता तिच्या दुकानात उभी होती. मी लांबूनच बघितलं. दोन पोती मिरची तिनं पहाटेच कांडून आणली होती, म्हणे झोप लागतच नाही. गिऱ्हाइकाशी भराभरा बोलत होती, शेजारणीला फुकट हळद देत होती, डोळे चमकत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हुशार बाई. मला सेलूचं स्टेशन दिसलं; तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. बाजारात आपण होऊन ओळख द्यायची नाही हा तुझा नियम, म्हणून मी पुढे गेले नाही. पाय नुसते शिवशिवत होते. तिनंच मला पाहिलं आणि हाक मारली. मी पावशेर हळद घेतली आणि म्हटलं, दळण घेऊन ये गं आज.

ती आली. डबा रांगेत ठेवला आणि आत येऊन बसली, पण खुर्चीत ठरेना. बोलत होती, बोलत होती. मी तिला बोलू दिलं. मग ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा मी सांगितलं. क्वार्टर, भिंत, गोळी, सगळं. गिरणी चालू होती, मला ओरडूनच सांगावं लागलं. तुझी एवढी जपलेली गोष्ट मी ओरडून सांगितली, आणि तरी ती खोलीबाहेर गेली नाही.

सुनीता पहिल्यांदा गप्प बसली. मग तिनं विचारलं, ‘मॅडम कुनाच्या हातची घेत व्हत्या?’

मी म्हटलं, तिघांच्या. त्यातल्या एकाचं तर तिला तोंडही बघवत नव्हतं. तरी गोळीनं गुण दिला.

ती हसली नाही. स्वतःच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली. मला वाटलं, गेली ही. पटलं नाही हिला. तुझ्या नियमानं बघितलं तर एकटीचं उदाहरण, त्यावर मी आणखी काय बोलणार? तिनं वर बघून विचारलं, ‘तुमी खरं सांगायलात ना, ताई?’ मी म्हटलं, हो. त्यावर ती उठली. आणि आता तू हुरळू नकोस म्हणाले ते याचसाठी. तिनं गोळीवर विश्वास ठेवला असेलही, पण आधी ठेवला तो माझ्यावर. आपलं भांडण पुन्हा बरोबरीत आलंय.

दारापर्यंत जाऊन ती वळली. ‘मॅडम तशा पडून व्हत्या, तवा त्यांच्याजवळ कोन व्हतं?’

मी म्हटलं, ‘मी होते.’

हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तुझ्यासमोर तर नाहीच. तू मला कधी त्याबद्दल काही बोलली नाहीस, मीही नाही, आणि आता मला फार वाटतंय की एकदा बोलायला हवं होतं. मी तिथे होते, नंदा. आणि तू बरी झालीस म्हणून मला माझं सगळं आयुष्य मिळालं. थँक्यू म्हणायचं राहिलं ते माझं.

सुनीता माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, ‘मंग तुमच्याजवळ आता कोन हाय?’

उत्तराला न थांबता ती शेजारच्या खोलीत गेली, नव्या डॉक्टरसमोर बसली. त्यानं काय काय विचारलं, तिनं सगळं सांगितलं, आणि त्याच्या हातून गोळ्या घेऊन पिशवीत टाकल्या. मग बाहेर न जाता परत माझ्या खोलीत आली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. तिचं दळण झालं, गिरणीवाल्यानं हाक मारली, तरी ती उठली नाही.